मोठ्या वसाहतीतल्या रहिवाशांच्या आठवणी नोंदवायच्या कशा

"तुमची वसाहत कशी होती?" असं विचारलंत की दोनपैकी एक उत्तर ठरलेलं. एक : "काय सांगू, सगळे एका घरातल्यासारखे राहायचो, दारं सताड उघडी असायची. आता ते राहिलं नाही." दुसरं : "लोक उगाच नावं ठेवतात हो, आमच्याकडे तसलं काही नव्हतं." दोन्ही उत्तरं खोटी नसतात, पण ती तुम्हाला दिलेलीही नसतात. पहिलं असतं आजच्या एकटेपणाला आणि दुसरं बाहेरच्या जगाला. हजारो घरांच्या वसाहतीत आयुष्य काढलेला माणूस स्वतःच्या राहण्याविषयी बोलू लागला, की समोर नसलेल्या कुणाला तरी उत्तर देत असतो. कधी वर्तमानपत्राला, कधी नाक मुरडणाऱ्या नातेवाइकाला, तर कधी पत्ता ऐकून सूर बदलणाऱ्या कारकुनाला.

तेव्हा काम दुहेरी आहे. या तयार उत्तरांच्या पलीकडे जायचं, आणि ती उत्तरंही टाकून द्यायची नाहीत, कारण रहिवासी स्वतःकडे कसं पाहतात हे त्यांतच दडलेलं असतं. रहिवासी संघाची स्मरणिका असो, शाळेचा प्रकल्प असो, पुनर्विकासाआधीची नोंद असो की प्रबंध, पुढचा क्रम सगळ्यांना चालेल.

पहिली पायरी : वसाहतीची कुंडली मांडा

रेकॉर्डर घेऊन थेट दार ठोठावू नका. आधी कागद वाचा. बांधकाम कधी सुरू झालं, पहिली कुटुंबं कधी आली, घर कुणाला मिळायचं आणि कुणाला नाकारलं जायचं, घर भाड्याचं की मालकीचं, शाळा, दवाखाना आणि बस घरांच्या आधी आल्या की कितीतरी वर्षांनी, कपडे कुठे वाळत घालायचे, नियमावलीत कशाकशाला मनाई होती. नकाशे, वाटपाची पत्रं, जुन्या पावत्या, संघाच्या सभांची इतिवृत्तं, जे हाती लागेल ते बघा आणि एका पानावर सालवारी उतरवा. एकच पान. जास्त झालं तर मुलाखतीत त्याचा उपयोग होत नाही.

या तपशिलांचा फायदा काय, ते एका उदाहरणावरून कळेल. अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात प्रुइट-आयगो नावाची वसाहत होती. मिनोरू यामासाकी या वास्तुविशारदाने आखलेल्या, अकरा मजली ३३ इमारती आणि त्यांत २,८७० घरं. १९५४ पासून लोक राहायला आले, १९७२ मध्ये पाडकाम सुरू झालं आणि १९७६ पर्यंत सगळं जमीनदोस्त. तिथल्या लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबत नसत. पहिला, चौथा, सातवा आणि दहावा, एवढेच थांबे. बाकीच्यांनी तिथे उतरून जिन्याने एक मजला वर नाहीतर खाली जायचं. एवढं माहीत असलं की प्रश्नच बदलतात. घर कितव्या मजल्यावर? सामान घेऊन कुठे उतरायचात? तो एक मजल्याचा जिना रात्री कसा वाटायचा? तिथे उजेड असायचा? शेवटच्या प्रश्नाला लोक जे सांगतात, ते "सुरक्षित वाटायचं का?" विचारून कधीच मिळत नाही.

त्याच वसाहतीचा दुसरा धडा हिशेबाच्या वहीतला. देखभालीचा खर्च भाड्यातूनच भागवायचा असा नियम होता. घरं रिकामी पडू लागली तसं उत्पन्न आटलं, उत्पन्न आटलं तशी दुरुस्ती थांबली, आणि दुरुस्ती थांबल्यामुळे आणखी लोक निघून गेले. १९६९ मध्ये तिथल्या भाडेकरूंनी भाडं रोखून संपही केला. पण जगभर फिरलं ते कोसळत्या इमारतीचं छायाचित्र, आणि दोष वास्तुरचनेवर तरी टाकला गेला, नाहीतर राहणाऱ्यांवर. तुमच्या वसाहतीतही "लोकांनीच वाट लावली" हे वाक्य हमखास येईल, आणि बोलणारा स्वतः तिथलाच असेल. तेव्हा सालवारीत एक रकाना दुरुस्तीचा ठेवा. प्लंबर वेळेवर यायचा कधी थांबला? जिन्यातला दिवा शेवटचा कुणी बदलला?

आता दुसरी सालवारी, जी बहुतेकजण करायची विसरतात : वसाहतीच्या नावलौकिकाची. बाहेर तिच्याविषयी काय बोललं जायचं आणि ते कधी बदललं? पॅरिसच्या उत्तरेकडच्या सार्सेलमध्ये १९५५ च्या सुमारास प्रचंड वसाहत उभी राहू लागली, आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच फ्रेंच वर्तमानपत्रांनी अशा वसाहतींतल्या उदासपणाला 'सार्सेलाइट' असं एखाद्या आजाराला शोभेल असं नाव देऊन टाकलं. पूर्व बर्लिनमधल्या मार्झानचं याच्या उलट. १९७७ पासून तिथे काँक्रीटच्या तयार फलकांच्या इमारती उभ्या राहिल्या. मध्यवर्ती हीटिंग, नळाला गरम पाणी, घरात स्वतःचं न्हाणीघर. जुन्या, कोळशाच्या शेगडीच्या घरांतून आलेल्यांना ती बढतीच होती. १९९० मध्ये जर्मनी एक झाली आणि त्यानंतर याच इमारती हिणवण्याचा विषय बनल्या. भिंती त्याच, नळ तेच. मार्झानच्या माणसाला १९८५ साली विचारलं असतं तर जे उत्तर आलं असतं, ते २००० साली आलं नसतं, आणि त्याला इमारत जबाबदार नव्हती.

जिथे बहुतांश लोक अशाच घरांत राहतात, तिथे हा डाग लागत नाही. सिंगापूरमध्ये १९६० साली स्थापन झालेल्या हाउसिंग अँड डेव्हलपमेंट बोर्डाच्या इमारतींत देशातले बहुसंख्य रहिवासी राहतात. तिथे "पत्ता सांगताना संकोच वाटायचा का?" हा प्रश्नच फुकट जाईल. किती खोल्यांचं घर, कुठल्या भागात, हे विचारलं तर प्रतिष्ठेच्या पायऱ्या दिसू लागतील. आपली वसाहत कुठल्या जातकुळीतली, हे आधी ठरवा.

दुसरी पायरी : बोलके लोक बाजूला ठेवा

प्रत्येक वसाहतीत इतिहास सांगणारी चार-पाच माणसं असतातच. संघाचे माजी सचिव, पहिल्या दिवसापासून राहणारे काका, सगळ्या कार्यक्रमांचे फोटो जपणाऱ्या बाई. त्यांना भेटा, त्यांचा मान ठेवा, पण यादी तिथे संपवू नका. त्यांच्या गोष्टी इतक्या वेळा सांगून झालेल्या असतात की धार बोथट झालेली असते.

यादीत हवेत : पहिले आलेले, नंतर आलेले, तिथेच जन्मलेले, सोडून गेलेले, आणि तिथे काम केलेले पण न राहिलेले. शेवटचे दोन गट सगळ्यांत कमी धरले जातात. सोडून गेलेल्याच्या मनात वसाहत त्याच्या जाण्याच्या दिवशीच थांबलेली असते, त्यामुळे आज तिथे राहणाऱ्याने नकळत पुसून टाकलेले तपशील त्याच्याकडे शाबूत सापडतात. आणि लिफ्ट चालवणारा, झाडलोट करणारी, मीटर वाचणारा यांना प्रत्येक दारामागचं थोडंथोडं ठाऊक असतं.

नवे-जुने हा भेद किरकोळ समजू नका. नॉर्बर्ट एलियास आणि जॉन स्कॉटसन यांनी इंग्लंडमधल्या एका उपनगराचा अभ्यास १९६५ मध्ये प्रसिद्ध केला. कामगारांच्या दोन शेजारशेजारच्या वस्त्या. उत्पन्न, व्यवसाय, राहणी यांत फारसा फरक नाही. तरी जुने लोक नव्यांना कमी लेखत, आणि नव्यांनीही ते बरंचसं मान्य केलेलं. फरक होता तो फक्त मुक्कामाच्या वर्षांचा. जुनी मंडळी स्वतःचं चित्र आपल्यातल्या सगळ्यांत चांगल्या चार घरांवरून रंगवायची आणि नव्यांचं त्यांच्यातल्या सगळ्यांत वाईट चार घरांवरून. हे एकदा डोक्यात बसलं की मुलाखतीत ते जागोजागी दिसायला लागतं. फ्रान्समध्ये शाँबोरदों आणि लमेर या समाजशास्त्रज्ञांनी १९७० साली असंच काहीसं मांडलं होतं : वेगवेगळ्या थरांतल्या लोकांना एका जिन्यावर आणून बसवलं म्हणून त्यांच्यातलं अंतर मिटत नाही, उलट कधीकधी ते अधिकच टोचू लागतं. "आम्ही सगळे एक होतो" हे वाक्य ऐकताना हे आठवावं.

शिवाय 'सुरुवात' प्रत्येकाची वेगळी असते. ॲमस्टरडॅमच्या बेलमरमेर वसाहतीत पहिले रहिवासी १९६८ मध्ये आले. सुरिनाम १९७५ साली स्वतंत्र झाला, त्या सुमारास तिथून मोठ्या संख्येने कुटुंबं आली. पहिल्या गटाच्या आठवणींत मोकळे हिरवे पट्टे आणि अपुऱ्या सोयी, दुसऱ्याच्या आठवणींत एका नव्या देशातलं पहिलं घर. यांतल्या एकालाच 'मूळ रहिवासी' म्हटलं तर अर्धी वसाहत तुम्ही तिथेच गमावली.

किती मुलाखती पुरेत? आकडा आधी ठरवू नका. नव्या माणसाकडून नवं काही येईनासं झालं की तो गट पुरा झाला असं धरा, आणि दुसऱ्या गटाकडे वळा.

तिसरी पायरी : संमती, आणि खरी नावं

संमतिपत्र एका पानाचं, साध्या भाषेत. रेकॉर्डिंग कुठे राहील, कोण ऐकेल, नाव छापायचं की नाही, आणि नंतर मन बदललं तर काय, एवढं त्यात असलं म्हणजे झालं. सही मुलाखतीनंतर घ्या, कारण आपण काय बोललो हे माणसाला तेव्हाच कळलेलं असतं.

मोठ्या वसाहतीतली मेख अशी, की नाव गाळून काही लपत नाही. "ब विंगमधल्या, तिसऱ्या मजल्यावरच्या, शाळेत शिकवणाऱ्या बाई" म्हटलं की वसाहतीतलं शेंबडं पोरसुद्धा ओळखेल. ओळख लपवायची तर मजला, व्यवसाय आणि साल यांपैकी निदान दोन गोष्टी बदलाव्या किंवा वगळाव्या लागतात. पोटभाडेकरू, बेकायदा जोडणी, शेजारच्या घरातली मारहाण, असं काही निघालं तर ते तुमच्याशी बोलणाऱ्याचं नसतं, तिसऱ्याचं असतं, आणि त्या तिसऱ्याने कुठेही सही केलेली नसते. असा भाग प्रसिद्ध करू नका. रेकॉर्डिंग ठेवायचं असेल तर तो तुकडा बंद ठेवा.

चौथी पायरी : साधनं

यावर लोक नको इतका वेळ घालवतात. साधा फोन आणि कॉलरला लावायचा माइक पुरतो. वेव्ह (WAV, म्हणजे आवाज न दाबता साठवणाऱ्या) स्वरूपात, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर रेकॉर्ड करा, फोन एअरप्लेन मोडवर टाका, पंखा बंद करा, टीव्ही बंद करायला सांगायला लाजू नका. सुरुवातीला आवाजातच तारीख, ठिकाण आणि तुमचं नाव बोला. त्याच दिवशी दोन वेगळ्या ठिकाणी प्रती करा. जाताना लिफ्टच्या दाराचा, जिन्यातल्या पावलांचा, दुपारच्या शांततेचा मिनिटभर आवाजही घ्या. इमारत गेली की तो परत मिळत नाही.

पाचवी पायरी : मुलाखत

इथे थोडं रेंगाळू या, कारण सगळं इथेच जमतं किंवा फसतं.

मुलाखतीपुरतं 'वसाहत' हा विषय विसरा. दाराबद्दल विचारा. चावी, जिना, खिडकी, वाळत घातलेले कपडे, वरच्या मजल्यावरून येणारा आवाज, हेच विषय. मत विचारलं की मत मिळतं, आणि मतं सगळ्यांची उसनी असतात. हालचाल विचारली की आठवण मिळते.

सुरुवात करा आधीच्या घरापासून. वसाहतीविषयीची प्रत्येक तारीफ आणि प्रत्येक तक्रार त्या आधीच्या घराच्या मापाने मोजलेली असते. इंग्लंडमध्ये शेफील्डच्या पार्क हिल वसाहतीत (१९५७ ते १९६१) जॅक लिन आणि आयव्हर स्मिथ या वास्तुविशारदांनी प्रत्येक घरासमोर दुधाची गाडी जाईल इतकी रुंद गॅलरी ठेवली, जुन्या गल्ल्यांची नावं त्या गॅलऱ्यांना दिली आणि जुन्या शेजाऱ्यांना शेजारीच घरं मिळतील असं पाहिलं. तिथल्या माणसाला जुनी गल्ली न विचारता गॅलरीबद्दल विचारलं, तर अर्धीच गोष्ट हाती लागेल.

मग पहिला दिवस. नमुन्यादाखल, एका बाईंशी बोलणं असं होऊ शकतं :

— मावशी, पहिल्यांदा दार उघडलं तेव्हा आत काय होतं?
— काय असणार? रिकामं घर.
— वास कसला यायचा?
— वास... चुन्याचा. भिंती ओल्याच होत्या अजून.
— आत कोण आधी गेलं?
— आई. (थांबतात.) आई ना, सरळ न्हाणीघरात गेली. नळ सोडला आणि तशीच उभी राहिली. बाबा म्हणाले, अगं बंद कर, पाणी जातंय. तर म्हणाली, थांबा जरा, गरम येतंय.

"न्हाणीघराची सोय झाल्यावर आईला कसं वाटलं?" असं विचारलं असतं तर "बरं वाटलं" यापलीकडे काही आलं नसतं. "आई" एवढंच म्हणून मावशी थांबल्या, तेव्हा मुलाखतकाराने तोंड बंद ठेवलं, हीच या संवादातली मुख्य करामत. समोरचा थांबला की मनात दहापर्यंत मोजा. पुढचा प्रश्न फेकायचा मोह आवरा.

यानंतर कोरा कागद आणि पेन्सिल पुढे करा. "घराचा नकाशा काढून दाखवता का? कोण कुठे झोपायचं?" बहुतेकजण आधी म्हणतात, मला चित्र काढता येत नाही. काढू द्या. लहानपणी राहिलेला माणूस घर खऱ्यापेक्षा मोठं काढतो, बाल्कनी विसरतो, आणि ज्या कोपऱ्यात अभ्यासाला बसायचा तो कोपरा बारकाईने रंगवतो. त्याच्या हाताकडे लक्ष ठेवा. हात जिथे थबकेल तिथे विचारा. घर झालं की पेन्सिल दाराबाहेर न्यायला सांगा : जिना, शेजाऱ्यांची दारं, त्यातली कुठली न विचारता उघडायची आणि कुठली वाजवावी लागायची. मग खालचं मैदान. मुलांना कुठपर्यंत जायची परवानगी होती, ती रेघ ओढायला सांगा. मुलीला आणि मुलाला ती रेघ वेगळी होती का, हेही. या एका कागदावर दोन तास सहज जातात.

नावंही याच वेळी उतरवून घ्या. रसायन-कामगारांसाठी १९६४ पासून उभारलेल्या हाले-नॉयश्टाट या पूर्व जर्मन शहरात कित्येक वर्षं रस्त्यांना नावंच नव्हती, पत्ता म्हणजे इमारतीचा क्रमांक. अशा आकड्यांच्या जागी लोक स्वतःची नावं ठेवतात. कुठल्या कट्ट्याला काय म्हणायचे, कुठल्या इमारतीला कसलं टोपणनाव होतं, ते आतल्यांनी ठेवलं की बाहेरच्यांनी, हे विचारत जा.

स्वतःच्या प्रतिमेचे प्रश्न मुलाखतीच्या शेवटच्या एक-तृतीयांश भागात घ्या, नकाशाने माणूस मोकळा झाल्यावर. तेही प्रसंगातून. नोकरीच्या अर्जावर पत्ता लिहिताना कधी दुसराच पत्ता लिहिलात का? शाळेतल्या मित्राला घरी आणायचात का? टॅक्सीवाल्याला कुठे सोडायला सांगायचात, दाराशी की अलीकडच्या चौकात? "कुठे राहता?" या प्रश्नाला नेमकं काय उत्तर द्यायचात, तेच शब्द सांगा. पत्त्यामुळे अपमान झाला का, असं थेट विचारलं तर "छे छे" येतं. चौकाचं विचारलं तर अपमान आपोआप बाहेर पडतो, आणि त्यावर केलेली युक्तीही.

मग कान ठेवा तो "आमची इमारत चांगली, पलीकडची मात्र..." या वाक्यावर. समाजशास्त्रज्ञ लोइक वाकां यांनी शिकागोमधल्या आणि पॅरिसजवळच्या ला कूर्नव्हमधल्या बदनाम वस्त्यांचा अभ्यास करून दाखवलं, की जागेवरचा डाग रहिवासी बरेचदा शेजाऱ्यावर ढकलून स्वतःपुरता पुसतात. तेव्हा पलीकडच्या इमारतीत जा. तिथले लोक बोट आणखी पुढच्या इमारतीकडे दाखवतील. शेवटच्या इमारतीतले म्हणतील, आमच्याकडे त्रास आहे तो बाहेरून येणाऱ्यांचा. ही साखळी पूर्ण नोंदवली तर वसाहतीच्या स्वप्रतिमेचा नकाशाच हाती येतो. मला विचाराल तर दहा मनमोकळ्या मुलाखतींपेक्षा ही एक साखळी मोलाची.

मोठी दुर्घटना घडलेली असेल तर तिने सुरुवात करू नका. बेलमरमेरवर ४ ऑक्टोबर १९९२ रोजी मालवाहू विमान कोसळून विमानातल्यांसह ४३ जण गेले. अपघातातून वाचलेलं एक झाड, 'सगळं पाहिलेलं झाड', आज तिथल्या स्मारकाचा भाग आहे. पण बेलमरमेरमधला प्रत्येकजण जन्मभर त्याच संध्याकाळीविषयी का बोलेल? बोलणाऱ्याने स्वतःहून विषय काढला तर ऐका. त्याने टाळला तर टाळू द्या.

सहावी पायरी : चालत फिरा, कपाट उघडायला लावा

जागा उभी असेल तर दुसरी भेट चालत घ्या. मार्ग त्यांनी ठरवायचा. बसून आठवत नाही ते लिफ्टसमोर उभं राहिल्यावर आठवतं, आणि शेजारी भेटले की वादही होतात. वाद रेकॉर्ड करा, त्यात तारखा आपोआप दुरुस्त होतात. धुलाईघर, पाण्याची टाकी, पत्रपेट्या यांच्यापाशी थांबा. व्हिएन्नाच्या कार्ल-मार्क्स-होफमध्ये, १९३० मध्ये पुऱ्या झालेल्या किलोमीटरभर लांबीच्या आणि १,३८२ घरांच्या वसाहतीत, एका सामायिक धुलाईघराच्या जागेतच आज तिच्या इतिहासाचं प्रदर्शन आहे. जागेची निवड अचूक आहे, कारण लोक रोज भेटायचे ते अशाच ठिकाणी.

फोटो पाहताना मधल्या माणसांपेक्षा कडांकडे बघा. वाढदिवसाच्या फोटोत मागे खिडकीला जाळी आहे की नाही, दाराला किती कड्या आहेत? फोटोला साल नसेल तर जाळीवरून अंदाज येतो, आणि जाळी का बसवली ही गोष्टही निघते. वस्तू सांभाळून ठेवल्या असतील तर त्यांचे फोटो घ्या, वस्तू मागू नका. हाँगकाँगच्या शेक किप मे वसाहतीतलं मेई हो हाउस ही एकच जुनी 'एच' आकाराची इमारत शिल्लक ठेवून तिथे संग्रहालय केलंय. १९५३ च्या नाताळच्या रात्रीच्या आगीत बेघर झालेल्यांसाठी उभारलेल्या या वसाहतीतल्या इवल्या खोल्या तिथे घरगुती वस्तूंनिशी मांडल्या आहेत. ती खोली पाहिल्यावर क्षेत्रफळाचा आकडा वेगळा सांगावा लागत नाही.

जागा पाडून झाली असेल तर जुना नकाशा मोठा छापून टेबलावर पसरा आणि तीन-चारजणांना एकत्र बसवा.

सातवी पायरी : चुकीची आठवण खोडू नका

रोमच्या कोर्व्हियाले या जवळजवळ किलोमीटरभर लांब इमारतीविषयी एक दंतकथा सर्रास सांगितली जाते, की आपण काय करून ठेवलं हे पाहून वास्तुविशारदाने आत्महत्या केली. मारिओ फिओरेंतिनो यांनी आत्महत्या केलेली नव्हती. पण ही कथा खोटी म्हणून फेकून दिली तर ती का टिकली हे कळणार नाही. आपल्याला ज्याने इथे आणलं त्याला कधीतरी पश्चात्ताप झाला असावा, ही इच्छा त्यात नाही का? इटलीतलेच मौखिक इतिहासकार अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी हेच शिकवलं : लोकांची चूक हीसुद्धा माहिती आहे, फक्त वेगळ्या गोष्टीची.

व्यवहारात असं करा. बोलणं जसंच्या तसं ठेवा आणि समासात खरी तारीख लिहा. मुलाखतीत दुरुस्ती करू नका. समोरच्याचा आत्मविश्वास गेला की पुढे सगळं "नक्की आठवत नाही" होतं. साल विचारू नका, "तेव्हा थोरला कितवीत होता?" असं विचारा. वयाच्या दहा ते तीस वर्षांतल्या आठवणी माणसाकडे सर्वांत दाट असतात, हेही ध्यानात असू द्या. साठी उलटलेल्या दोघांनी 'वसाहतीचा सुवर्णकाळ' वेगवेगळ्या दशकांत दाखवला आणि दोघांच्या वयात दहा वर्षांचं अंतर असलं, तर तो काळ वसाहतीचा की त्यांच्या तरुणपणाचा, हे तपासा.

आठवी पायरी : उतरवून काढणं

तासाभराच्या मुलाखतीच्या शब्दांकनाला पाच-सहा तास लागतात. यंत्राकडून मसुदा करून घेतला तरी कानाने तपासावाच लागतो, विशेषतः नावं आणि बोलीतले शब्द. वाक्यं शुद्ध करू नका. थांबणं, हसणं, आवाज खाली जाणं कंसात नोंदवा. मग एका रंगाने 'आम्ही' आणि दुसऱ्या रंगाने 'ते लोक' अधोरेखित करा. एकाच मुलाखतीत 'आम्ही' कधी जिन्याइतकं, कधी वसाहतीएवढं तर कधी फक्त जुन्यांपुरतं असतं. ते नेमकं कुठे आक्रसतं, तिथे खूण करून ठेवा.

नववी पायरी : मांडणी आणि परतफेड

निवडताना मोह दोन्हीकडचा असतो. स्मरणिकेला गोडवा हवा असतो, बातमीला अंधार. एकाच जागेविषयीच्या परस्परविरोधी आठवणी शेजारीशेजारी छापा आणि मध्ये तुमचा निकाल घालू नका. ज्या मैदानात एकजण मनसोक्त खेळला, तिथून दुसरी कधी एकटी गेली नाही, एवढं पुरे.

या आठवणी उद्या कोण वापरेल, तेही आधीच बघा. पार्क हिलमधल्या एका पुलावर कुणीतरी लग्नाची मागणी रंगवली होती. नूतनीकरण करणाऱ्या कंपनीने पुढे त्यातलं नाव वगळून बाकीच्या शब्दांचा निऑन दिवा केला आणि एका माणसाचे खासगी शब्द इमारतीची जाहिरात बनले. ग्लासगोमध्ये २०१४ च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या उद्घाटनात रेड रोड वसाहतीच्या पाच इमारती स्फोटाने पाडून थेट प्रक्षेपित करायचा घाट घातला होता. ज्या घरांत लोकांची मुलं वाढली, ती करमणूक म्हणून उडवणार? ओरड झाली आणि बेत रद्द करावा लागला. पुढच्या वर्षी इमारती पाडल्याच, पण समारंभाविना. संमतिपत्रात "जाहिरातीसाठी किंवा विक्रीसाठी वापर नाही" हे एक वाक्य घाला.

लेखन प्रसिद्ध करण्याआधी प्रत्येकाला त्याचा भाग वाचून दाखवा. छापील कागद देऊन येऊ नका, वाचून दाखवा. तिथेच "हे असं नाही, असं लिहा" होतं आणि अर्ध्या दुरुस्त्या मूळ मुलाखतीपेक्षा चांगल्या असतात, म्हणून रेकॉर्डर त्या वेळीही चालू असू द्या, अर्थात विचारून. सार्वजनिक वाचन ठेवायचं असेल तर ते वसाहतीतच ठेवा आणि सोडून गेलेल्यांनाही बोलवा.

रेकॉर्डिंगची एक प्रत जवळच्या ग्रंथालयात किंवा विद्यापीठाच्या संग्रहात द्या, सोबत नावांची यादी, नकाशे, समासातल्या तारखा आणि काय बंद ठेवायचं त्याची स्पष्ट सूचना. तुमचा फोन नंबर प्रत्येक घरी कागदावर लिहून ठेवा. मुलाखत झाल्यावर आठवड्याभरात बऱ्याच जणांचे फोन येतात, "एक सांगायचं राहिलं" म्हणून. त्यासाठी वेळ आणि रिकामी मेमरी दोन्ही राखून ठेवा.